तिसऱ्या सत्रात मुलं कुठे असतात? (परदेशी विद्यापीठाशी जोडलेलं अभियांत्रिकी मास्टर्स)

भोसरीकर

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी भाची घरी आली ती तीन माहितीपत्रकं घेऊनच. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक पत्रक इथल्याच एका कॉलेजच्या एम.टेक.चं, खाली परदेशी विद्यापीठाचा शिक्का. दुसरं थेट जर्मनीचं. तिसऱ्यावर मोठ्या अक्षरात 'दोन वर्षं, दोन पदव्या'. तिन्हींवर 'उद्योगाभिमुख' हा शब्द होताच. ती म्हणाली, "मामा, तू एवढी वर्षं कारखान्यात काढलीस. यातलं खरं कोणतं ते कसं ओळखायचं?"

मला तिला उत्तर द्यायचं आहे आणि त्यासाठीच हा धागा. आधी माझ्यापाशी आहे ते सांगतो, मग जाणकारांनी भर घालावी.

मी टूल अँड डायमधला, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यांच्या कामातला माणूस. आधी भोसरी, मग चाकण, आणि मधली चार वर्षं थायलंडमध्ये, बँकॉकच्या आग्नेयेला चोनबुरीच्या औद्योगिक पट्ट्यात. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी होती. तिथे माझी गाठ टीजीजीएसशी पडली. पूर्ण नाव सिरिन्धोर्न इंटरनॅशनल थाई-जर्मन ग्रॅज्युएट स्कूल ऑफ इंजिनिअरिंग. जर्मनीतलं आखेनचं आरडब्ल्यूटीएच हे तंत्र विद्यापीठ आणि बँकॉकचं किंग मोंगकुट्स युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी नॉर्थ बँकॉक या दोघांनी मिळून काढलेली ही पदव्युत्तर संस्था. (सिरिन्धोर्न या थायलंडच्या राजकन्या. संस्कृत-पालीच्या अभ्यासक आहेत, २०१७ मध्ये आपल्याकडे त्यांना पद्मभूषण मिळालं.) हे नातं एका दिवसात जुळलेलं नाही. ते बँकॉकचं विद्यापीठ मुळात १९५९ साली थाई-जर्मन तंत्रशाळा म्हणून सुरू झालं होतं. लेथ आणि वेल्डिंग शिकवणारी शाळा. तिथून पदव्युत्तर संस्थेपर्यंत यायला पिढ्या गेल्या, आणि भागीदार देश तोच राहिला.

अभ्यासक्रम इंग्रजीत. पहिलं वर्ष वर्गात आणि प्रयोगशाळेत, त्यानंतर काही महिने कंपनीत, आणि मग प्रबंध. तोही बहुतेकदा कंपनीतल्याच प्रश्नावर.

अशीच एक मुलगी आमच्याकडे आली. आमचा एक ब्रॅकेट होता, सीटखाली बसणारा, हाय स्ट्रेंग्थ स्टीलचा. प्रेसमधून निघाला की फ्लँज, म्हणजे दुमडलेली कडा, पुन्हा थोडी उघडायची. यालाच स्प्रिंगबॅक म्हणतात. चेकिंग फिक्स्चरवर ठेवला की एका कोपऱ्यात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरळ आत जायचं. आमची पद्धत ठरलेली होती. डाय उतरवा, शिम घाला, थोडं ग्राइंडिंग करा, ट्रायआउट घ्या. चार दिवस बरे जायचे. पत्र्याची नवीन कॉइल (गुंडाळी) लागली की पुन्हा रिजेक्शनचा ढीग.

ती आली आणि पहिले आठ दिवस डायला हातच लावला नाही. प्रत्येक कॉइलच्या पट्ट्या कापून घेतल्या, त्यांची टेन्साइल टेस्ट करून आणली आणि ते आकडे सिम्युलेशनमध्ये घातले. कॉइल बदलली की यील्ड (पत्रा कायमचा वाकायला लागणारा ताण) बदलतो, तेवढ्याने कोन किती हलतो, हे तिने कागदावर मांडलं. पण कागदावरचा फरक आणि आमच्या फिक्स्चरवरचा फरक जुळेना. आमचा फरक मोठा होता.

दर पंधरा दिवसांनी तिचे दोन मार्गदर्शक व्हिडिओवर एकत्र बसायचे. एक तिच्या संस्थेतला प्राध्यापक, आणि कंपनीच्या बाजूने मी. त्या बैठकीत प्राध्यापकांनी एकच प्रश्न विचारला, "ब्लँकहोल्डरचं प्रेशर तुम्ही कुठल्या गेजवर वाचता? प्रेसजवळच्या की कॉम्प्रेसर रूममधल्या?" (ब्लँकहोल्डर म्हणजे पत्रा कडेने दाबून धरणारा भाग.) आम्ही कॉम्प्रेसर रूमचा आकडा लिहीत होतो.

दुसऱ्या दिवसापासून ती वही घेऊन प्रेसजवळ उभी राहिली, तिन्ही पाळ्यांत. दर अर्ध्या तासाला आकडा. दुपारची जेवणाची सुट्टी संपली की शेजारची अख्खी लाइन एकदम सुरू व्हायची, हवेची पाइपलाइन एकच, आणि ब्लँकहोल्डरला जोर देणाऱ्या आमच्या हवेच्या कुशनचं प्रेशर खाली यायचं. पकड सैल झाली की फ्लँज जास्त उघडायची. वीसेक मिनिटांनी पुन्हा वर. रिजेक्शनचे शिक्के तपासले तर निम्म्याहून जास्त माल त्या वेळातला. आम्ही प्रेसला वेगळी हवेची टाकी बसवली आणि कॉइलच्या यील्डप्रमाणे कुशन सेट करायचा एक साधा तक्ता केला. तो तक्ता प्रेसच्या खांबावर चिकटवलेला होता. मी तिथून निघालो तेव्हाही होता.

मी स्वतः वीस वर्षं डाय करेक्शन करत आलो होतो, आणि हे मला सुचलं नव्हतं. ती माझ्यापेक्षा हुशार होती का? असेलही. पण मला दिसलं ते असं की तिच्याकडे सहा महिने होते, डोक्यात प्लॅस्टिसिटीचा पक्का अभ्यास होता, आणि प्रश्न विचारायला दोन बाजूंची दोन माणसं होती. आमच्या कुणाकडे ही तिन्ही एकत्र नव्हती.

म्हणून भाचीला मी एवढंच सांगितलं. पत्रकावरचा शिक्का बघू नकोस, रँकिंग बघू नकोस. फोन करून विचार की तिसऱ्या सत्रात मुलं कुठे असतात? कुणाच्या हाताखाली? प्रश्न कोण ठरवतं? पैसे कोण देतं?

माझं हे मोजमाप पुरेसं आहे का? परदेशात शिकलेल्यांनी, इथे शिकवणाऱ्यांनी जरूर लिहावं.

---

आखेनवासी

भोसरीकर, तुमचा गेजचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. माझे प्राध्यापकही अगदी हेच विचारायचे, 'आकडा कुठून आला?'

मी आरडब्ल्यूटीएचला मास्टर्स केलं, आता इथेच नोकरी करतो. थायलंडची शाखा पाहिलेली नाही, पण मूळ झाड रोज पाहतो. आरडब्ल्यूटीएच १८७० चं. त्यातली मशीन टूल्सची प्रयोगशाळा, जिला सगळे डब्ल्यूझेडएल म्हणतात, ती १९०६ सालची. तिच्या शेजारी फ्राउनहोफरची उत्पादन तंत्रज्ञानाची संस्था. दोन्हींकडे एकच प्राध्यापक मंडळी, त्यामुळे सकाळी वर्गात ऐकलेलं दुपारी एखाद्या कंपनीच्या कामात दिसतं. गावाबाहेर मेलाटेनला जो नवा कॅम्पस आहे, तिथे कंपन्या स्वतः जागा घेऊन बसतात आणि संस्थांबरोबर काम करतात.

एक उदाहरण सगळ्यांना कळेल असं. जर्मन पोस्टाची ती पिवळी इलेक्ट्रिक व्हॅन, स्ट्रीटस्कूटर. ते काम २०१० मध्ये याच विद्यापीठातून सुरू झालं आणि २०१४ च्या अखेरीस पोस्टाने कंपनीच विकत घेतली. अशा गोष्टींत नाव प्राध्यापकांचं होतं, पण चाचण्या घेणारे, तक्ते भरणारे, नट-बोल्ट बदलणारे हात विद्यार्थ्यांचे असतात. इथे त्यांना 'हिवी' म्हणतात, म्हणजे संस्थेत तासांवर काम करणारा विद्यार्थी.

आता तुमच्या तिसऱ्या सत्राबद्दल. इथे मास्टर्स साधारण १२० क्रेडिटचं, त्यातला प्रबंध बहुतेक ठिकाणी ३० चा. एक क्रेडिट म्हणजे तीस तास धरतात. म्हणजे प्रबंधाचे नऊशे तास झाले! तो कंपनीत करता येतो, पण जागा तुमची तुम्ही शोधायची. विद्यापीठ हात धरून नेत नाही. हे आपल्या मुलांना आधी कुणी सांगत नाही आणि मग तिसऱ्या सत्रात धावाधाव होते. माझे साठ-सत्तर अर्ज गेले होते.

आणि भाषा. वर्ग इंग्रजीत असला तरी शॉपफ्लोअर जर्मन बोलतो. ज्या फोरमनने मला शेवटी सगळं शिकवलं त्याला इंग्रजी येत नव्हतं. पुण्यातच जर्मनची बी-वन पातळी करून निघा, ही माझी हात जोडून विनंती. इथे आल्यावर वेळ मिळत नाही.

---

हिशेबी_बाबा

माझाही मुलगा याच वळणावर आहे. खर्चाचं कुणी लिहील का? 'जर्मनीत फुकट' असं सगळे सांगतात. आणि त्या 'दोन पदव्या'वाल्या अभ्यासक्रमांना आपल्याकडे मान्यता असते का, हाही प्रश्न आहे. पोराचं एक वर्ष वाया जायला नको.

---

आखेनवासी

बाबा, 'फुकट' हा शब्द अर्धाच खरा आहे. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिकवणी फी नाही, फक्त सत्राचं शुल्क. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो आहेत. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही (टीयू) २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली. आणि आरडब्ल्यूटीएचचे इंग्रजीतले काही मास्टर्स त्यांच्या इंटरनॅशनल अकॅडमीतर्फे चालतात, त्यांना चांगली फी असते. 'आखेन' म्हटलं की शून्य फी असं समजून चालू नका, त्या-त्या अभ्यासक्रमाचं पान उघडून बघा.

त्याशिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा). महिन्याला ९९२ युरो बाहेर येतात. आणि भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, ते लवकर सुरू करा. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

---

नियमवही

मान्यतेबद्दल मी सांगते, माझं रोजचं कामच ते आहे.

यूजीसीचे मे २०२२ चे नियम आहेत, परदेशी संस्थांबरोबरच्या सहकार्याचे. त्यात तीन प्रकार आहेत आणि पत्रकं छापणारे या तिन्हींची सरमिसळ करतात.

ट्विनिंग म्हणजे पदवी भारतीय संस्थेचीच. विद्यार्थी काही काळ परदेशात शिकतो, पण तिथले क्रेडिट एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांहून जास्त नसावेत.

जॉइंट डिग्री म्हणजे दोघांनी मिळून आखलेला अभ्यासक्रम, दोघांचं मिळून एक प्रमाणपत्र. प्रत्येकाकडून किमान ३० टक्के क्रेडिट.

ड्युअल डिग्री म्हणजे दोन संस्थांच्या दोन वेगळ्या पदव्या, एकाच अभ्यासक्रमासाठी. भारतीय संस्थेकडून किमान ३० टक्के क्रेडिट हवेत.

हे सगळे अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे, ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाला हे नियम लागू नाहीत. म्हणून बाबा, पत्रकावर 'ट्विनिंग' आणि 'दोन पदव्या' एकत्र दिसलं तर तिथेच थांबा आणि लेखी विचारा, की पदवी कोण देणार, प्रमाणपत्र एक की दोन, आणि किती क्रेडिट कुठे. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

परदेशी विद्यापीठाने भारतात स्वतःचंच आवार काढणं हा चौथा आणि वेगळा प्रकार. त्याचे यूजीसीचे नियम २०२३ चे. गुजरातेत गिफ्ट सिटीत डीकिन आणि वोलोंगाँग सुरू झाली आहेत, पण तिथले नियम वेगळे. मुंबईत जून २०२५ मध्ये पाच विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली. तिथे भारतीय भागीदार नसतो, त्यामुळे भोसरीकरांचा प्रश्न आणखीच लागू होतो. आजूबाजूच्या उद्योगांशी त्यांचं नातं काय?

---

तळ्याकाठी

पवईचं उदाहरण इथे यायला हवं. आयआयटी मुंबई आणि मेलबर्नचं मोनॅश विद्यापीठ यांची मिळून रिसर्च अकॅडमी २००८ पासून आयआयटीच्या आवारात आहे. मास्टर्स नाही, पीएच.डी. आहे, पण धाग्याच्या विषयाला ते अगदी धरून आहे. एक मार्गदर्शक पवईचा, एक मेलबर्नचा. विद्यार्थी बहुतेक काळ इथे आणि काही महिने तिकडे. पदवीवर दोघांचं नाव. बरेचसे विषय उद्योगांच्या किंवा सरकारी संशोधन संस्थांच्या गरजेतून येतात. दिल्लीच्या आयआयटीने क्वीन्सलंड विद्यापीठाबरोबर नंतर याच वाटेने अकॅडमी काढली.

मी तिथून पीएच.डी. केली. दोन मार्गदर्शक हे ऐकायला छान वाटतं, पण पहिलं वर्ष फार जड जातं. एकाला वाटतं सिद्धांत पुढे न्यावा, दुसऱ्याला वाटतं प्रयोग आधी उभा करावा, आणि कंपनीच्या माणसाला तिमाही अहवाल हवा असतो. तिघांच्या मेलना उत्तरं देता देता रात्र व्हायची. माझी गाडी रुळावर आली ती तिघे एकदा प्रत्यक्ष एका खोलीत बसले तेव्हा. चार तास बसले. फळ्यावर विषयाची हद्द आखली, काय करायचं नाही तेही लिहिलं. त्या फळ्याचा फोटो मी शेवटपर्यंत टेबलासमोर लावला होता.

म्हणून भाचीने आणखी एक विचारावं, की दोन्हीकडचे मार्गदर्शक एकमेकांना ओळखतात का? आधी एकत्र काही काम केलंय का? तसं असेल तर दोन विद्यापीठांचा खरा फायदा मिळतो.

---

जुना_फळा

मी निवृत्त प्राध्यापक, वय ७६. थोडं मागचं सांगतो, कारण हा विषय आपल्याला नवा नाही.

आपल्या सुरुवातीच्या बहुतेक आयआयटी अशाच भागीदारीतून उभ्या राहिल्या. मुंबईची सोव्हिएत मदतीने, युनेस्कोमार्फत. पहिले वर्ग १९५८ मध्ये वरळीला सास्मिराच्या इमारतीत भरले, पवईची पायाभरणी नेहरूंनी मार्च १९५९ मध्ये केली. मद्रासची पश्चिम जर्मनीच्या मदतीने, १९५९. कानपूरला १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांचा गट काम करत होता. १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० संगणक आला आणि देशात संगणक शिकवणं खऱ्या अर्थाने सुरू झालं.

या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसते. माणसं आली आणि राहिली. जर्मन प्राध्यापक मद्रासला वर्षानुवर्षं घर करून होते. त्यांनी यंत्रं आणली, ती चालवायला आपल्या माणसांना तिकडे नेऊन शिकवलं, आणि मुलांना वर्कशॉपमध्ये इतका वेळ उभं केलं की पालक तक्रारी करायचे. एका सहीने हे होत नाही. सलग दहा वर्षं पैसा आणि माणसं ओतावी लागतात.

महाराष्ट्रात या नात्याचा जिवंत पुरावा पाहायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम पाहा. मास्टर्सची संस्था नव्हे ती, पण आजूबाजूच्या कारखान्यांना टूलमेकर कुठून मिळतात हे वाळूजमध्ये कुणालाही विचारा. भोसरीकर, तुमची बँकॉकची संस्था तंत्रशाळेतून वर आली हे वाचून मला म्हणूनच आश्चर्य वाटलं नाही. पाया खालून घातला होता त्यांनी.

---

गोदाकाठ

मी एका खासगी कॉलेजात एम.टेक.ला शिकवते. सरांनी 'एका सहीने होत नाही' लिहिलं ते वाचून लिहायला बसले.

आमच्या प्राचार्यांच्या केबिनबाहेर परदेशी विद्यापीठांबरोबरच्या अकरा करारांच्या तसबिरी आहेत. अकरांपैकी एकाखाली काम झालं, तेही दोन वेबिनार. बाकीच्यांतून एकही विद्यार्थी तिकडे गेला नाही, एकही माणूस इकडे आला नाही. पण तपासणीच्या फाइलमध्ये ते अकरा मोजले जातात. मुलं प्रवेश घेताना त्या भिंतीसमोर फोटो काढतात, आणि मला त्यांच्या नजरेला नजर देता येत नाही.

तिसऱ्या सत्रात आमची मुलं कुठे असतात? खरं सांगते, बहुतेक जण घरी. गेट परीक्षेत पात्र ठरलेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, पण आमच्याकडे गेटवाले क्वचित. बाकीचे काहीतरी नोकरी धरतात आणि प्रबंध शेवटच्या दोन महिन्यांत उभा राहतो.

मागच्या वर्षी मी दोन मुलांना सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात पाठवलं. करार नाही, शिक्का नाही, मालक माझ्या ओळखीचे. त्यांना एका व्हॉल्व्ह बॉडीसाठी फिक्स्चर हवं होतं, सेटिंगला पाऊण तास जात होता. मुलांनी पाच महिन्यांत तो वेळ बारा मिनिटांवर आणला. मालकांनी दोघांना महिना आठ हजार दिले आणि व्हायवाला स्वतः येऊन बसले. बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारत होते तेव्हा मालकच मधे उत्तर देऊ लागले, इतका त्यांचा जीव अडकला होता त्यात.

परदेशी भागीदाराशिवाय हे झालं. पण भागीदार असता तर काय मिळालं असतं तेही मला कळतं. त्या फिक्स्चरच्या क्लॅम्पिंगचं विश्लेषण करायला आमच्याकडे ना उपकरण होतं ना अनुभव. मुलांनी अंदाजाने केलं. तिथे एखादा 'गेज कुठलं?' विचारणारा माणूस हवा होता.

---

सिद्धान्तवादी

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका. 'उद्योगाभिमुख'च्या नावाखाली कंपन्यांना स्वस्त मनुष्यबळ मिळतं आणि विद्यापीठं मूलभूत शिकवणं सोडून देतात, अशी मला खरी भीती आहे. कंपनीचा प्रश्न आज असतो, उद्या यंत्र बदललं की संपतो. मास्टर्सची दोन वर्षं मुलाला आयुष्यभर पुरायला हवीत. शिवाय कंपनीतल्या प्रबंधाचं पुढे काय होतं? गोपनीय म्हणून कपाटात. विज्ञानाला त्याचा काय उपयोग?

---

आखेनवासी

गोपनीयतेचा मुद्दा रास्त आहे. इथे अशा प्रबंधावर 'श्पेरफेरमेर्क' छापतात, म्हणजे काही वर्षं तो कुणाला दाखवायचा नाही. माझ्या एका मित्राला नोकरीच्या मुलाखतीत स्वतःचंच काम सांगता येईना. म्हणून सही करण्याआधी किती वर्षं आणि कोणता भाग झाकला जाणार हे वाचून घ्यावं. काही प्राध्यापक आग्रह धरतात की पद्धत उघडी राहील, फक्त कंपनीचे आकडे झाकू. तसा प्राध्यापक मिळाला तर त्याला सोडू नये.

मूलभूत शिकवणं सुटू नये यासाठी इथे एक व्यवस्था मला आवडते. उपयोजित विज्ञानाच्या ज्या होखशूले आहेत, त्यांत प्राध्यापक व्हायला साधारणपणे पीएच.डी.बरोबरच पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यातली तीन वर्षं विद्यापीठाबाहेरची. शिकवणारा दोन्ही भाषा बोलतो.

---

आइंडहोवनकर

हॉलंडचा प्रकार इथे नोंदवतो. मास्टर्सनंतर दोन वर्षांचा ईएनजीडी, २०२२ पर्यंत याला पीडीईएनजी म्हणत. विद्यार्थी विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो आणि मोठा प्रकल्प एखाद्या कंपनीसाठी करतो. मी हाच केला. सिद्धान्तवादींच्या 'स्वस्त मनुष्यबळा'ला यात उत्तर आहे, कारण पगार आणि करार दोन्ही असल्यावर कंपनी तुम्हाला फोटोकॉपी काढायला बसवत नाही. वेळ महाग पडतो तिला. फ्रान्समध्ये पीएच.डी.साठी सिफ्र नावाची योजना १९८१ पासून आहे, तिथे तर कंपनीच तीन वर्षं नोकरीवर ठेवते आणि सरकार कंपनीला अनुदान देतं.

---

भोसरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

सिद्धान्तवादी, रागावण्याचा प्रश्नच नाही. पण माझ्या प्रसंगात यील्ड आणि स्प्रिंगबॅकचं नातं त्या मुलीने वर्गात नीट शिकलेलं होतं म्हणूनच 'उरलेला फरक कुठून येतो' हा प्रश्न तिला पडला. आम्हाला तो पडला नाही, कारण कागदावर किती फरक यायला हवा हेच आम्हाला माहीत नव्हतं. वर्ग पक्का असेल तर कारखान्यात डोळा लागतो. माझा आग्रह आहे तो क्रमाचा. पहिलं वर्ष कुणी कापू नये, आणि दुसरं वर्ष कुणी घरी बसवू नये.

गोदाकाठ ताई, तुमच्या त्या दोन मुलांना मला भेटायला आवडेल. क्लॅम्पिंगचं विश्लेषण करून देणारे दोन-तीन जण माझ्या ओळखीत आहेत, निवृत्त झालेले, वेळ असलेले. पुढच्या तुकडीला महिन्यातून एकदा व्हिडिओवर बसतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

गोदाकाठ

भोसरीकर दादा, डोळ्यांत पाणी आलं. जूनमध्ये नवी तुकडी सुरू होतेय. नक्की करा व्यनि.

---

पहिल्यांदाच_लिहिते

नमस्कार. मीच ती भाची. मामाने लिंक पाठवली आणि रात्री दोनपर्यंत सगळं वाचलं.

मी तिन्ही ठिकाणी विचारलं. 'दोन पदव्या'वाल्यांना नियमवही ताईंचे प्रश्न मेलने पाठवले. फोन आला, खूप गोड बोलले, पण लेखी उत्तर दहा दिवसांत आलं नाही. ते मी सोडलं.

इथल्या कॉलेजातल्या समन्वयक मॅडमनी मात्र स्पष्ट सांगितलं. परदेशी विद्यापीठाबरोबरचा करार फक्त चौथ्या सत्रातल्या प्रबंधासाठी आहे, दरवर्षी दोनच जागा, आणि गेल्या वर्षी एकच मुलगा गेला. तिसऱ्या सत्रात सगळे तळेगाव आणि रांजणगावच्या कंपन्यांत असतात, आणि त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या विषयांची यादीच पाठवली. त्या यादीतल्या एका मुलीशी मी बोलले. तिचा कंपनीतला मार्गदर्शक आठवड्यातून एकदा तासभर देत होता, असं ती म्हणाली.

जर्मनीचा अर्ज पण करतेच आहे. एपीएसची कागदपत्रं काढली, आणि सोमवारपासून जर्मनचा वर्ग लावला.

मामा, एक राहिलं. स्प्रिंगबॅक मी फक्त पुस्तकात वाचलंय. प्रेसवर प्रत्यक्ष बघायचंय. दाखवशील?

---

भोसरीकर

शनिवारी सकाळी साडेसातला चाकणला ये, पहिल्या पाळीत कॉइल बदलणार आहेत. कॉलेजचं ओळखपत्र आण आणि बूट घालून ये, चपलेवर गेटमधून सोडत नाहीत. फीलर गेज मी देतो.